हायवेची गाडी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत पिराजी इंगवल्यांचं गॅरेज कुठं आहे असं कुणी विचारायचं नाही. 'गाडी बघणारा पिराजी कुठं बसतो' असं विचारायचे. गाड्या दुरुस्त करणारे पेठेत गल्लीला एक आहेत. त्यातले काही पिराजीपेक्षा हाताला चपळ आहेत आणि झाडून सगळे त्याच्यापेक्षा कमी बोलतात. पण जुनी मोटरसायकल विकत घ्यायची म्हटली की माणूस विकणाऱ्याला घेऊन पिराजीच्या दारात उभा राहायचा. पिराजीनं मान हलवली तर व्यवहार, नाहीतर चहा पिऊन ज्यानं त्यानं घरी जायचं.

त्याची बघण्याची एक रीत होती. गाडी स्टँडवर लावली की तो आधी काही न बोलता तिच्याभोवती फिरायचा. पिराजी गप्प असायचा तो तेवढाच वेळ. मग उकिडवं बसून मागच्या टायरवरनं तळहात फिरवायचा. टायर मधोमध सपाट आणि कडेची नक्षी शाबूत असली तर गाडी हायवेची, सरळ रस्त्यावर तासन्‌तास पळालेली. चेन ओढून बघायची, कारण हायवेला चेन ताणते. मग क्लच दाबायचा, चाक उतरवून ब्रेकचे शू बघायचे. गावातल्या गाडीचा क्लच खलास झालेला असतो आणि शू झिजून लोखंडाला टेकलेले असतात. महाद्वार रोडला संध्याकाळी गाडी घालून बघा म्हणजे कळेल. पुढं रिक्षा, तिच्यापुढं म्हैस, आणि म्हशीच्या पुढं रस्त्याच्या मधोमध उभं राहून एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करणारे दोन पैलवान. पावलोपावली क्लच, पावलोपावली ब्रेक. हायवेला ब्रेकची आठवण येण्याचं कारणच पडत नाही. म्हणून पिराजी सांगायचा, मीटरच्या आकड्यावर जाऊ नका. गावात थोडी फिरलेली गाडी म्हातारी असते आणि हायवेला दुप्पट फिरलेली तरणी असते.

इथवर सगळं खरं होतं आणि पिराजीनं इथंच थांबायला पाहिजे होतं.

पण माणसाला शाबासकी मिळाली की तो थांबत नाही. गॅरेजच्या दारात एक बाकडं होतं आणि त्यावर रिकामटेकड्यांची बैठक असायची. त्यांच्या हसण्यावर पिराजी चढत गेला. गाडी सोडून तो गाडीवाल्याबद्दल सांगायला लागला. ही तापट माणसाची गाडी. हा कुणाचं ऐकणारा नव्हे, गिअर न बदलता चढ चढवतोय. शाहूवाडीच्या एका गिऱ्हाइकाला त्यानं तोंडावर सांगितलं, "पावणं, विकणारा बायकोला भितोय. आरसा बघा, मागचं दिसंल असा न्हाय, मागं बसणारीचं तोंड दिसंल असा लावलाय." ते खरं निघालं आणि गंगावेशपर्यंत गाजलं. पेठेतल्या माणसांच्या बाबतीत तर त्याचा अंदाज हमखास बरोबर यायचा. पेठेत कोण तापट आहे हे गाडी न बघताही सगळ्यांना माहीत असतं, हे मात्र बाकड्यावरच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. पिराजीच्याही आलं नाही.

पिराजीला एकुलती एक मुलगी, तेजस्वी. घरात तेजू. शिकून ती गल्लीच्या तोंडाला असलेल्या औषधाच्या दुकानात कामाला होती, आणि घरात बापाला 'आबा, आता जरा गप बसा' असं म्हणू शकणारी ती एकटीच होती. पिराजीचा तिच्यावर जीव होता. हे सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं वाचताना कुणालाही शंका येईल.

स्थळ आणलं गणपतरावांनी. हे पिराजीच्या बायकोचे, शालनचे मावसभाऊ; निवृत्तीनंतर त्या बाकड्याचा एक पाय झाल्यासारखे रोज तिथं असायचे. मुलगा शिरोळ तालुक्यातला, नाव सम्राट. घरी ऊस, बागायत. स्वतः एका खताच्या कंपनीत विक्रीचं काम करायचा. आज कराड, उद्या सातारा, परवा निपाणीच्या पुढं बेळगाव. सारा दिवस हायवेवर. दिसायला उंच, बोलायला मोजका.

बघायच्या दिवशी आईवडील मोटारीतून आले आणि मुलगा मोटरसायकलवरून आला. गॅरेजच्या वरच घर, तिथं पाटावर पोहे मांडेपर्यंत पिराजी दारातच सम्राटला म्हणाला, "पावणं, चावी द्या. तुम्ही बसा, पोहे खावा. मी जरा ऑईल बघून ठेवतो."

सगळे हसले. सम्राटनंही हसून चावी दिली. वर तेजूला नाव, गाव, शिक्षण विचारत होते आणि खाली तिचा बाप मागचं चाक उतरवून बसला होता. तो वर आला तेव्हा हात काळे होते आणि तोंडावर लग्न ठरल्याचा आनंद होता. शालनला त्यानं स्वयंपाकघरात गाठलं.

"टायर मधोमध झिजलंय, पण कसं एकसारखं. ब्रेकचं शू नव्यागत. क्लच लोण्यागत. प्लग बिस्किटाच्या रंगाचा. अगं, एका लयीत चालवतोय ह्यो माणूस. धसमुसळा असता तर क्लचला दिसलं असतं. तापट असता तर ब्रेकला दिसलं असतं."

शालन कपात चहा गाळत होती. "अवो, पोरीला गाडी न्हाय बघायची, नवरा बघायचाय."

"माणूस खोटं बोलतोय. त्याचा बा खोटं बोलतोय, मधला माणूस तर बोलतोयच. गाडी खोटं बोलत न्हाय."

मधला माणूस म्हणजे शालनचाच भाऊ, म्हणून ती पुढं काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी दोघांना रंकाळ्यावर फिरायला पाठवलं. हल्ली तशी रीत झाली आहे. तेजू परत आली ती सरळ मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. जेवायला बसल्यावर तिनं सांगितलं. तळ्याच्या वळणावर एक म्हातारा सायकलवर भाजीचं पोतं घेऊन चालला होता, तो जरा मधे आला. सम्राटनं गाडी कडेला घेतली, उतरला, आणि सायकलीला लाथ घातली. म्हातारा पडला, भाजी रस्त्यावर गेली. सम्राट परत येऊन गाडीवर बसला आणि तिला म्हणाला, आइस्क्रीम कुठलं खाणार?

"वरडला असता तर काय वाटलं नसतं," तेजू म्हणाली. "आवाज पण चढला न्हाय, आबा. मला भ्या वाटलं."

शालननं नवऱ्याकडं बघितलं. पिराजीनं भाकरी मोडली.

"रोज मोकळ्या रस्त्यानं फिरणारा गडी. त्याला गावातल्या गर्दीची सवय न्हाय. एकाद्या वक्ताला हुतंय. तापट असता तर ब्रेकला दिसलं असतं की. शू बघितल्यात मी. अजून नवं हायत."

तेजू त्याच्याकडं बघत राहिली. बापाच्या तोंडून गाड्यांचे आणि माणसांचे निकाल ऐकतच ती मोठी झाली होती. ते निकाल बरोबर निघालेले तिनं बघितले होते, पेठ त्याला मानते हे बघितलं होतं. रस्त्यावर भाजी वेचत बसलेला म्हातारा तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला होता. पण ब्रेकचे शू आबांनी बघितले होते. तिनं बापावर विश्वास ठेवला, आणि पुढं पिराजीला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

लग्न थाटात झालं. पंगतीत आग्रह करत फिरताना पिराजीनं जो भेटेल त्याला ब्रेकची गोष्ट सांगितली. गणपतरावांनी तिला तिखटमीठ लावलं. जावई कसा निवडावा, तर पिराजीनं निवडला तसा, असं बाकड्यावर ठरून गेलं. दोघातिघांनी तर आपल्या मुलींना आलेल्या स्थळांच्या गाड्या गॅरेजात आणून दाखवल्या. पिराजीला त्या वर्षी जेवढा मान मिळाला तेवढा आयुष्यात मिळाला नव्हता.

पावसाळा संपता संपता सम्राटच्या कंपनीनं त्याला कोल्हापूर शहर दिलं. शहरातली दुकानं, मार्केट यार्ड, गोडाऊन. फुलेवाडीला वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन ती दोघं राहायला आली. लेक गावात आली म्हणून शालननं देवीची ओटी भरली. मात्र लेक काही माहेरी फिरकली नाही. फोन केला की कामात आहे म्हणायची, आणि फोन लवकर ठेवायची.

मग एक दिवस सम्राट गाडी सर्व्हिसिंगला घेऊन आला. चावी दिली आणि फोन बघत बाकड्याच्या टोकाला बसला. पिराजीनं गाडी स्टँडवर घेतली, भोवती फिरला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प राहिला. क्लचच्या प्लेटा जळून काळ्या पडल्या होत्या. ब्रेक लोखंडाला लोखंड घासत होते. डाव्या अंगाचा फूटरेस्ट वाकलेला, एक आरसा मुळातून गेलेला. आणि पेट्रोलच्या टाकीवर, वरच्या बाजूला, एक पोक आलेली, पत्रा आत दबून खड्डा पडलेला.

"गाव गाडी खातं," पिराजी मोठ्यानं म्हणाला. बाकड्याला ऐकू जावं म्हणून. "हायवेची गाडी गावात आणली की असंच हुतंय. कितीबी चांगला चालवणारा असू दे."

सम्राट फोन बोलत जरा पलीकडं गेला तेव्हा गणपतराव उठून जवळ आले. त्यांनी चष्मा सारखा केला.

"पिराजी, बाकीचं ऱ्हाऊ दे. ही टाकीवरची पोक कशी रं आली? टाकीला वरनं गर्दी लागत न्हाय."

"लावताना पडली असंल."

"पडली तर बाजूला लागंल की. ही वरनं हाय."

गणपतराव परत जाऊन बसल्यावर पिराजीनं आपली मूठ आवळून त्या खड्ड्यावर टेकवली. मूठ खड्ड्यात चपखल बसली. सिग्नलला अडकलेल्या, दात आवळून बसलेल्या माणसाची मूठ वरून जशी पडेल तशीच ती होती. पिराजीला हे कळलं नाही असं कुणी म्हणू नये. जो माणूस आरशावरून बायकोला भिणारा नवरा ओळखत होता त्याला हेही ओळखता आलं. पण ओळखलं असं कबूल केलं तर गेल्या वर्षाचा सगळा मान गेला असता. त्यानं जावयाला दोन दिवस गाडी ठेवून जायला सांगितलं. क्लचच्या प्लेटा बदलल्या, शू बदलले, टाकीतला खड्डा बाहेर ओढून घेतला, उरला त्यावर लांबीची पुट्टी भरली, घासली आणि वरून रंग मारला. गाडी नेताना सम्राटनं टाकीवरून हात फिरवला आणि मान हलवली. पिराजीला बरं वाटलं.

दिवाळी झाली. पाडव्याला जावई आला, जेवला, गेला. तेजू पदर डोक्यावरनं घट्ट घेऊन बसली होती. शालननं काही विचारलं तर ती 'व्हय' आणि 'न्हाय' यांपलीकडं गेली नाही.

त्यानंतर एका दुपारी तेजू एकटीच सिटी बसनं आली. हातात पिशवी होती. पिराजी एका स्कूटरखाली आडवा होता, त्याला आधी तिच्या चपला दिसल्या. ती थांबली नाही, वर गेली. थोड्या वेळानं वरून शालनची हाक आली आणि तो ग्रीसचे हात पुसत जिना चढला.

तेजू भिंतीला टेकून बसली होती. "आबा, मला परत जायचं न्हाय."

"का? काय झालं?"

"त्यांचा हात उठतोय."

पिराजी खाली बसला. "कशावरनं?"

"कशावरनं पण. दार उघडायला उशीर झाला तरी. भाजीत मीठ पडलं तरी. मार्केट यार्डात ट्रकामागं अडकून आले तर आल्याबरोबर." तिनं बांगड्या वर सारल्या. मनगटाभोवती काळेनिळे वळ होते.

माणसाला जे ऐकायचं असतं तेच त्याच्या कानात शिरतं. पिराजीच्या कानात तेवढं मार्केट यार्ड शिरलं.

"हां. हे बघ. गर्दीत अडकून आल्यावर. मी काय म्हणतोय, हायवेवरनं एकदम गावात आलाय त्यो. मोकळा चालायची सवय, आता पावलाला थांबायचं. गाडीचा क्लच जळतोय, माणसाचं डोकं जळणारच की. माणूस वाईट न्हाय, रस्ता वाईट हाय. सा म्हैनं गेलं की बसंल."

"ती गाडीचं सांगत न्हाय," शालन म्हणाली.

"मला कळतंय ती कशाचं सांगतीया."

खरंच कळत होतं. टाकीवरची ती पोक त्याच्या डोळ्यांपुढं आली होती आणि त्यानं मनातल्या मनात तिच्यावर आणखी एकदा लांबी भरली. पोरगी माघारी आली तर उद्या बाकड्यावर काय बोलतील, हा विचार त्याच्या मनात आधी आला. मनगटाचा विचार त्याच्यानंतर आला. बापाच्या मनातली ही रांग कुणाला दिसत नाही म्हणून बरं, नाहीतर त्यानं त्या मुलीपुढं तोंड कसं दाखवलं असतं?

शालननं तेजूचा हात धरला. "आज ऱ्हाऊ दे तिला. गणपतदादाला बोलवून घ्या. चार माणसं बसून बोलू."

"चार माणसांत न्हेलं की चाळीस हुत्यात. माझा मी बोलतो जावयाशी."

तेजूनं बापाकडं नीट बघितलं. रडली नाही. "आबा, तुम्ही सांगितलं म्हणून लग्न केलं मी. आता मी सांगतीया, तर ऐका."

पिराजीचा आवाज चढला. त्याला राग कुणाचा आला होता ते त्यालाच माहीत. "मी काय तुझं वाईट करीन? ऊठ, चहा पी, आणि चल. सांजच्याला मीच सोडतो."

संध्याकाळी त्यानं तिला आपल्या जुन्या मोपेडवर मागं बसवून फुलेवाडीला नेलं. वाटेत ती काही बोलली नाही आणि पिराजी बोलायचा थांबला नाही. नवीन गाडी रुळायला वेळ लागतो, माणसाचंही तसंच असतं, असं बरंच काही. वरच्या मजल्यावर सम्राटनं दार उघडलं. सासऱ्याला बघून वाकून पाया पडला. खुर्ची दिली. तेजूनं चहा केला. पिराजी म्हणाला, "जावईबापू, जरा जपून चालवा." त्याला वाटलं, यात सगळं आलं. सम्राट हसून म्हणाला, "व्हय मामा."

परतताना पिराजीचं मन हलकं झालं होतं. घरी शालननं त्याचं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून निजली. ती त्याच्याशी बोलेनाशी झाली, कामापुरतंसुद्धा नाही.

थंडी मोडायच्या सुमारास एका सकाळी फोन आला. फुलेवाडीच्या घरमालकीण वर्षाराणी बोलत होत्या. तेजूला सरकारी दवाखान्यात नेलं आहे, लवकर या. पिराजी आणि शालन पोचले तेव्हा तेजूला आत घेतलं होतं. वर्षाराणी व्हरांड्यात उभ्या होत्या, त्यांच्या पदराला रक्त लागलं होतं.

झालं ते त्यांनीच सांगितलं. सकाळी सम्राट कामावर निघाला. खाली फाटकात कुणाची तरी स्कूटर आडवी लावलेली होती, त्याची गाडी निघेना. त्यानं वर हाक मारून तेजूला स्कूटर काढायला सांगितलं. ती गॅस बंद करून येईपर्यंत थोडा वेळ गेला. तो जिना चढून वर गेला आणि तिला वरनं ढकलून दिलं.

"पार खालच्या पायरीपत्तूर आली हो पोरगी," वर्षाराणी म्हणाल्या. "मी दारातच हुतो. मी वरडलो. त्यो माणूस तिच्यावरनं पाय टाकून खाली आला. घाई पण केली न्हाय. स्कूटर बाजूला घेतली. हेल्मेट घातलं, गाडी तापवली आणि गेला."

"कुठं गेला?"

"मला काय ठावं?"

ते दुपारी गणपतरावांनी कळवलं. पोलिसांत ते स्वतः जाऊन आले होते. कागलच्या पुढं, निपाणीकडं जाताना त्यांच्या एका ओळखीच्यानं सम्राटला बघितलं होतं. पोलीस शोधतोय म्हणाले. गणपतरावांनी फोनवरच रडायला सुरुवात केली, स्थळ मी आणलं, स्थळ मी आणलं. पिराजीनं फोन बंद केला.

व्हरांड्याच्या कट्ट्यावर तो बसून राहिला. सम्राट आता कुठं असेल ते त्याला दिसत होतं. निपाणीच्या पुढं रस्ता रुंद आहे, सरळ आहे. तिथं सम्राट अंग सैल सोडून बसला असेल, गाडी एका लयीत चालली असेल, ब्रेकला हात लावायचं कारण पडत नसेल. बघणारा म्हणेल, किती शांत माणूस. पिराजीनं तेच म्हटलं होतं. टायर मधोमध झिजलं ते रस्ता सरळ होता म्हणून. शू शाबूत राहिले ते वाटेत कुणी आडवं आलं नाही म्हणून. गाडी रस्त्याबद्दल बोलत होती, शब्द न्‌ शब्द खरं बोलत होती, आणि त्यानं ते माणसाबद्दल ऐकलं. मग गाडी गावात आली आणि पहिल्यांदा खरोखर माणसाबद्दल बोलली, तर त्यानं ते रस्त्यावर ढकललं. दोन्ही वेळा त्याला जे सोयीचं होतं तेच त्यानं ऐकलं. तो उठून नळापाशी गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला.

सायंकाळी तेजूला वॉर्डात आणलं. डावा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये, कपाळावर टाके. शालन डॉक्टरांशी बोलायला गेली होती. पिराजी आत गेला आणि डावीकडच्या स्टुलावर, प्लास्टरच्या बाजूला बसला. तेजू छताकडं बघत होती.

तो बायकोची कधी माफी मागायला शिकला नव्हता, गिऱ्हाइकाची नाही, देवाची तर फक्त सवयीनं मागायचा. तरी त्यानं बोलायला सुरुवात केली. वॉर्डात दुसऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली ठेवून बोलला. म्हणाला, तेजू, माझं चुकलं. मला दिसलं हुतं. टाकीवरची पोक दिसली हुती, मूठ लावून बघितली हुती मी. लोक हसतील म्हणून गप बसलो. तुझं मनगट दिसलं तरी तुला न्हेऊन सोडलं. तू माझ्या पोटची, आणि मी तुला माझ्या हातानं न्हेऊन सोडलं. माझ्या तोंडावर थुक, पण काय तरी बोल.

तेजू छताकडंच बघत राहिली. पापणीसुद्धा हलली नाही.

पिराजी वाट बघून उठला. व्हरांड्यात शालन येत होती, तिला तो म्हणाला, "बोलत न्हाय माझ्याशी. सगळं सांगितलं, पाय धरायचं तेवढं ऱ्हायलं. मान पण वळवली न्हाय. राग हाय तिला. असू दे."

"कुठल्या अंगाला बसलाता?"

"म्हंजे?"

शालन आज बऱ्याच दिवसांनी त्याच्याशी बोलत होती आणि तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "डाव्या कानानं तिला ऐकू येत न्हाय. पडदा फाटलाय. डॉक्टर म्हणालं, आजचा न्हाय, जुना हाय. दिवाळीच्या आदुगरचा असंल. मारताना उजवा हात उठतोय, डाव्या कानावर बसतोय."

पिराजी परत आत गेला. यावेळी पलंगाला वळसा घालून उजव्या बाजूला गेला. तिकडं स्टूल नव्हतं, तो फरशीवर गुडघे टेकून बसला. तेजूची नजर त्याच्याकडं वळली.

"मगाशी काय म्हणत हुता, आबा?" तिनं विचारलं. "डोळ्याच्या कडंनं ओठ हलताना दिसत हुते."

पिराजीनं सगळं परत सांगितलं. पहिल्यांदा सांगताना जे शब्द मिळाले होते ते आता मिळेनात, क्रम चुकला, मूठ आधी आली आणि मनगट नंतर. ऐकू जावं म्हणून तो मोठ्यानं बोलत होता. शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली, दारातली नर्स थांबली. सगळ्या वॉर्डानं ऐकलं. तेजूनंही ऐकलं, मधे एकदाही न थांबवता.

तो गप्प झाल्यावर ती म्हणाली, "हे त्यादिवशी म्हणायचं हुतं, आबा."

"व्हय," पिराजी म्हणाला. "व्हय. पण आता ऐक, तेजू. आता तू घरला चल. बाकड्यावर कोण काय म्हणू दे. मी त्याला..."

तेजू हलायला लागली. प्लास्टरचा जड हात तिनं छातीवरून उचलला आणि कण्हत, थोडी थोडी करत उजव्या कुशीवर वळली. तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं, हातभर अंतरावर. पिराजीला वाटलं, पोरगी जवळ येते आहे, आणि त्यानं तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. मग त्याला दिसलं. तिचा चांगला कान उशीत पुरता बुडाला होता आणि तिनं डोळे मिटून घेतले होते.